कावड कोणाच्या खांद्यावर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निराधार वृद्धांना दरमहा मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाच्या योजनेला महाराष्ट्र शासनाने श्रावणबाळाचे नाव दिले आहे. नाव देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोणते चित्र होते हे सांगायला नको. आंधळ्या आईबापांना कावडीत बसवून तीर्थयात्रेला नेणारा पुत्र आपल्या समाजाच्या मनात घर करून बसलेला आहे. पंढरपूरच्या पुंडलिकाची कथाही त्याच जातीची. आईबापांची सेवा चालू होती म्हणून त्याने प्रत्यक्ष देवाला विटेवर तिष्ठत ठेवले. ज्या समाजाने आपल्या आराध्य दैवतालाही मातापित्यांच्या सेवेपुढे थांबायला लावले, त्या समाजाची ही श्रद्धा क्षुल्लक लेखण्याचे कारण नाही. परंतु या दोन्ही कथांत एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. कावड वाहणारा दिसतो, पाय चेपणारा दिसतो. त्या दोन जीर्ण जिवांसाठी रोज रांधणारी, त्यांची धुणी धुणारी, रात्री तीनदा उठून पाणी देणारी बाई मात्र कोठे दिसत नाही. लोककथांत ती कधी दिसलीच तर सासूसासऱ्यांना छळणारी सून म्हणून दिसते. प्रत्यक्ष घराघरांत सेवेचा वाटा तिच्याच पदरात पडतो.

वृद्धांच्या प्रश्नाची मांडणी या बाईपासून करायला हवी. अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येक माणसामागे आणखी एक माणूस त्या अंथरुणाशी बांधले गेलेले असते. पहिल्याविषयी निदान कळवळा व्यक्त होतो. दुसऱ्याची नोंद ना शिरगणतीत, ना अंदाजपत्रकात.

प्रश्नाचा आकार थोडक्यात पाहू. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील माणसे १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ साली देशातील वृद्धांची संख्या १४ कोटी ९० लाखांवर गेली, आणि २०५० पर्यंत ती ३४ कोटी ७० लाखांच्या घरात जाईल. दर पाच माणसांमागे एक. माणसे अधिक जगू लागली ही आनंदाचीच गोष्ट आहे. सार्वजनिक आरोग्य, लसीकरण, दुष्काळात न मरू देण्याइतपत धान्य या गोष्टींसाठी ज्यांनी लढे दिले त्यांचा या यशात वाटा आहे. पण वाढलेली वर्षे कशी काढायची, याचा विचार कोणी करून ठेवलेला नाही.

या विषयावरचे बहुतेक व्याख्यान संस्कारांपाशी सुरू होऊन संस्कारांपाशीच संपते. एकत्र कुटुंब मोडले, पोरे स्वार्थी झाली, पाश्चात्त्यांचे वारे लागले, असा त्याचा ठरीव क्रम असतो. श्रोत्यांत बसलेले वडीलधारे माना डोलावतात आणि व्याख्याता टाळ्या घेऊन घरी जातो. वस्तुस्थिती काय आहे? बीड जिल्ह्यातील कोयता घेतलेले जोडपे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडते ते उन्हाळा लागेपर्यंत कारखान्याच्या फडात असते. मागे राहतात म्हातारी माणसे, शाळकरी नातवंडे आणि दावणीची जनावरे. त्या म्हातारीला कोणी सांभाळत नाही एवढेच नव्हे, तर म्हातारीच सगळ्यांना सांभाळत असते. कोकणात चाकरमान्याने बांधलेल्या नव्या घरात दिवाबत्ती करायला एकटी आई उरली आहे. मुंबईत, १९८२ च्या संपानंतर देशोधडीला लागलेला गिरणी कामगार आता म्हातारा झाला. त्याचा मुलगा दहा बाय बाराच्या खोलीत बायकामुलांसह राहतो आणि दिवसाचे चार तास लोकलमध्ये काढतो. या मुलाला संस्कार नाहीत असे म्हणणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. त्याच्यापाशी जागा नाही, वेळ नाही, पैसा नाही. कुटुंब मोडले ते मजुरीच्या बाजाराने मोडले, आणि ज्यांनी तो बाजार चालवला तेच आता कुटुंबाचे गोडवे गात आहेत.

कायद्याने काय केले? संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात वार्धक्य, आजार व विकलांगता यांसाठी सार्वजनिक साहाय्याचा उल्लेख आहे. मात्र राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत, ही पुस्ती जोडलेली. केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ रोजी वृद्धापकाळाची मदत सुरू केली ती महिना ७५ रुपयांनी. २००६ मध्ये ती २०० रुपये झाली, आणि साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा त्यानंतर जवळजवळ दोन दशके त्या दोनशेवरून हलला नाही. ऐंशी ओलांडलेल्याला २०११ पासून ५०० रुपये. राज्ये आपापली भर घालतात. महाराष्ट्रात ही रक्कम २०२३ मध्ये दीड हजारांवर आली. पण त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपये एवढीच ठेवण्यात आली. म्हणजे महिन्याला साडेसतराशेपेक्षा अधिक मिळकत असलेल्या घरातील म्हातारा शासनाच्या लेखी सुस्थितीतला! खरे उत्पन्न लपवून तलाठ्याचा दाखला मिळवावा लागतो, आणि आयुष्यभर कोणाची पै न बुडवलेल्या माणसाला सत्तरीत खोटे बोलायची वेळ येते.

२००७ मध्ये मातापित्यांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा झाला. टाकलेल्या आईबापांना प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात दाद मागता येते आणि मुलांकडून महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळवता येतो. घरादारावरून हाकलल्या गेलेल्या अनेक वृद्धांना या कायद्याने आधार दिला आहे. तो नाकारू नये. तरी त्याची ठेवण लक्षात घेण्यासारखी आहे. मुलांवर टाकलेली जबाबदारी बंधनकारक. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधारांसाठी वृद्धाश्रम काढण्याची राज्याची जबाबदारी मात्र ऐच्छिक. राज्य शासन काढू 'शकेल', एवढेच कलम १९ सांगते. ज्याच्या हातावर पोट आहे त्या मुलाला शिक्षेचा धाक आणि ज्याच्या हाती तिजोरी आहे त्याला सवलत, असा हा न्याय आहे.

अलीकडची योजना म्हणजे ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण. अट काढली हे योग्यच झाले. पण म्हातारपणाचा खर्च रुग्णालयात किती दिवस होतो आणि घरी किती वर्षे? मांडीचे हाड मोडलेली म्हातारी दहा दिवसांत घरी येते. तेथून पुढे तिला बसते करणे, उठवणे, न्हाऊ घालणे, दर दोन तासांनी कूस बदलणे हे सारे सुरू होते. कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, जखमा चिघळतात, आणि मग पुन्हा रुग्णालय. भरती झाल्यावर पाच लाख. भरतीची पाळी येऊ नये म्हणून घरी येऊन जखम धुणाऱ्या परिचारिकेसाठी छदाम नाही. एस. टी. चा प्रवास पंच्याहत्तरीनंतर २०२२ पासून फुकट झाला, तसेच हे. स्टँडपर्यंत हात धरून नेणार कोण, हा प्रश्न विचारायचा नसतो.

ते काम करणारी बाई नेहमीच हाताशी असते असे शासनाने गृहीत धरले आहे. २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. अंथरुणावरच्या माणसाची शुश्रूषा यावर चढते. तिच्यासाठी शाळेतली, बालवाडीतली, शेतमजुरीची कामे सुटतात, माहेरचे लग्नकार्य सुटते, स्वतःचे दुखणे अंगावर निघते. वजनदार माणूस उचलण्याची रीत कोणी शिकवलेली नसते, म्हणून चाळिशीतच तिची कंबर जाते. स्मृतिभ्रंश झालेला सासरा रात्री उठून दार उघडून निघतो, तेव्हा तिला महिनोन्‌महिने सलग झोप मिळत नाही. यातूनच कधी कधी हात उगारला जातो. वृद्धांच्या छळाच्या बातम्या वाचून संतापणाऱ्यांनी तिच्या जागरणांचा हिशेब केलेला नसतो. छळाचे समर्थन कोणी करणार नाही. पण थकव्याला उपाय न करता छळाला शिक्षा करत राहणे हे ताप न तपासता चटके देण्यासारखे आहे. आणि आणखी एक. स्त्रिया अधिक जगतात आणि त्यांचे नवरे वयाने मोठे असतात. त्यामुळे नवऱ्याचे शेवटचे आजारपण बायको काढते, आणि तिचे आजारपण येते तेव्हा शेजारी कोणी नसते.

ज्यांच्यापाशी पैसा आहे ते बाजारातून सेवा विकत घेतात. पुण्यामुंबईत बारा-बारा तासांच्या पाळीने बाई पुरवणारे ब्युरो गल्लोगल्ली झाले आहेत. घरमालक ब्युरोला पैसे देतो, ब्युरो आपला वाटा कापून बाईला देतो. रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आणि म्हातारा वारला की त्या दिवसापासून काम बंद. ही बाई स्वतः पन्नाशीची असते. तिच्या घरी तिची सासू शेजारणीच्या भरवशावर पडलेली असते. एका वर्गाच्या आईबापांची सेवा दुसऱ्या वर्गाच्या आईबापांच्या वाट्यातून काढून घेतली जाते. घरेलू कामगारांच्या कल्याणासाठी महाराष्ट्राने २००८ मध्ये कायदा केला खरा. माथाडी मंडळाचे बळ त्याला कधी लाभले नाही.

मग मार्ग कोणता? येथे केरळकडे वळणे भाग आहे, आणि तेथे घडलेले कार्यकर्त्यांनी बारकाईने अभ्यासावे असे आहे.

१९९३ मध्ये कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी वेदना आणि हाल कमी करणाऱ्या शुश्रूषेची, एक छोटी संस्था काढली. सुरुवात कर्करोगाच्या रुग्णांपासून झाली. लवकरच ध्यानात आले की ज्यांना सर्वांत अधिक गरज आहे ते बाह्यरुग्ण विभागापर्यंत येऊच शकत नाहीत. आणि त्यांच्या गरजांपैकी डॉक्टरने भागवण्याजोग्या फार थोड्या असतात. घरात तांदूळ नाही, मुलांची शाळेची फी थकली आहे, बायको दोन महिने घराबाहेर पडलेली नाही. यावर औषधाची चिठ्ठी काय करणार? १९९९-२००० च्या सुमारास मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जाळे उभे राहू लागले. आठवड्याला किमान दोन तास देऊ शकणाऱ्या कोणालाही सोळा तासांचे प्रशिक्षण मिळे, शिवाय रुग्णांसमवेत प्रत्यक्ष काम. शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी त्यात आले. दुकानांच्या फळीवर डबे ठेवून लोकांकडून रुपया-दोन रुपये गोळा करण्यात आले. निवडणुकीत एकमेकांविरुद्ध घसा कोरडा करणारे कार्यकर्ते एकाच गाडीतून रुग्णांच्या घरी जाऊ लागले. पुढे कर्करोगाची मर्यादा राहिली नाही. पक्षाघात झालेले, अंथरुणावरचे वृद्ध, मनोरुग्ण यांचाही समावेश झाला.

येथवर ही एक चांगली सेवाभावी चळवळ होती, आणि अशा चळवळी देशात अनेक आहेत. वेगळेपण त्यापुढचे आहे. २००८ मध्ये केरळ शासनाने या शुश्रूषेचे धोरण जाहीर केले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. ग्रामपंचायतींनी प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत प्रशिक्षित परिचारिका नेमायची, तिला वाहन व औषधे द्यायची आणि तिने घरोघर जायचे, अशी व्यवस्था झाली. हे शक्य का झाले? १९९६ च्या जनयोजना मोहिमेपासून राज्याच्या योजनाखर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांच्या हाती गेला होता. पंचायतीपाशी पैसा होता आणि तो कशावर खर्चायचा हे ठरवण्याचा अधिकार होता. लोकांनी आधी काम करून दाखवले, मग त्यासाठी पंचायतीला जबाबदार धरले. सेवा आणि संघर्ष यांची जी फारकत आपल्या चळवळीत नेहमी होते, ती तेथे झाली नाही.

त्या परिचारिकेच्या भेटीत काय घडते? ती लघवीची नळी बदलते, जखम धुते, नाकातल्या नळीतून भरवायचे कसे ते दाखवते. पण तिचा खरा विद्यार्थी खाटेवर नसतो. चादर ओढून माणसाला कुशीवर कसे वळवायचे, न उठवता अंघोळ कशी घालायची, तोंड कसे स्वच्छ ठेवायचे, स्वतःची पाठ कशी वाचवायची हे ती घरच्या बाईला शिकवते. अर्धा तास बसून तिचे ऐकून घेते, आणि या अर्ध्या तासाची किंमत कोणत्याही औषधापेक्षा कमी नाही. अंथरुणावरच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्यासाठी केरळने महिना ६०० रुपयांचे साहाय्यही ठेवले. रक्कम तुटपुंजी आहे आणि ती वेळेवर पोचत नाही अशा तक्रारी झाल्या. तरी काळजी घेणारी व्यक्ती म्हणून एका माणसाची सरकारी कागदावर नोंद झाली, ही साधी गोष्ट नव्हे.

केरळची आरती ओवाळून भागणार नाही. ज्या आशा कार्यकर्त्यांच्या पायपिटीवर तेथील सार्वजनिक आरोग्य उभे आहे, त्यांना २०२५ मध्ये मानधनवाढीसाठी तिरुवनंतपुरमच्या सचिवालयापुढे महिनोन्‌महिने धरणे धरून बसावे लागले, आणि ते डाव्या आघाडीच्या सरकारच्या दारात. स्वयंसेवेचा महिमा गाऊन वेतन टाळण्याची वृत्ती कोणत्याही रंगाच्या सरकारला सहज जडते. दोन तास देणारा शेजारी अमोल आहे. पण त्याच्या चांगुलपणाचा उपयोग परिचारिकेचे पद न भरण्यासाठी होऊ लागला, की तो चांगुलपणाच शोषणाचे साधन बनतो. घरोघर शुश्रूषेची मागणी करताना ती करणारीला किमान वेतन, रजा आणि निवृत्तिवेतन हवे, ही मागणी त्याच दमात केली पाहिजे.

आता रोकड की सेवा, हा वाद. अलीकडे प्रत्येक सरकारला थेट खात्यात पैसे टाकण्याची गोडी लागली आहे. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये पासष्टीपुढच्या गरजूंना चष्मा, काठी, कमोडखुर्ची असल्या साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये देण्याची योजना काढली. निवृत्तिवेतन रोखच हवे, याविषयी दुमत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या गाठीला चार पैसे असले की घरात त्याच्या शब्दाला वजन येते. शुश्रूषेचे मात्र तसे नाही. जर्मनीने १९९५ पासून शुश्रूषेचा सामाजिक विमा लागू केला आणि कुटुंबाला सेवा किंवा रोख रक्कम निवडण्याची मुभा दिली. बहुसंख्य घरांनी रोख घेतली. जपानमध्ये असाच कायदा १९९७ मध्ये मंजूर होऊन २००० पासून अंमलात आला, तेव्हा तेथील स्त्रीसंघटनांनी रोख रकमेला विरोध केला. सुनेच्या हातावर पैसे ठेवले की ती कायमची खाटेशी बांधली जाईल आणि नगरपालिका सेवा उभारण्यातून सुटेल, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो बिनतोड होता. जपानने घरी येणारी मदतनीस, दिवसभराचे केंद्र आणि काही दिवस रुग्णाला ठेवून घेणारी व्यवस्था दिली. चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा हप्ता आणि तेवढाच करांचा पैसा त्यासाठी लागतो. शेवटच्या व्यवस्थेचे महत्त्व पुरुषांच्या लवकर ध्यानात येत नाही. वर्षातून आठ दिवस सुटी मिळालेली सून उरलेले वर्ष काढू शकते. तेथेही मदतनिसांचे पगार कमी आहेत आणि माणसे मिळत नाहीत. म्हणजे तोच प्रश्न पुन्हा.

महाराष्ट्रापाशी स्वतःचा वारसा नाही असे नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान मिळवून दिले, तेही मालकाकडून लेव्ही वसूल करून. पुण्याच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली ती कष्टकऱ्याला स्वस्तात पोटभर जेवण मिळावे म्हणून. याच परंपरेतून बाबा आढाव व अरुणा रॉय यांनी पेन्शन परिषद उभारली आणि २०१२ मध्ये प्रत्येक कष्टकरी वृद्धाला किमान वेतनाच्या निम्मे किंवा दोन हजार रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते निवृत्तिवेतन मागितले. मागणी धुडकावली गेली. ती शिळी झालेली नाही. ज्येष्ठ नागरिक संघ गावोगाव आहेत, महापालिकांनी विरंगुळा केंद्रे बांधली आहेत. तेथे वर्तमानपत्रे असतात, कॅरम असतो, वाढदिवस साजरे होतात. चांगली गोष्ट आहे. पण तेथे येणारा बहुधा निवृत्तिवेतन घेणारा, धडधाकट आणि पुरुष असतो. अंथरुणावरची म्हातारी विरंगुळ्याला येत नाही, आणि हमालीतून थकलेल्याला विरंगुळा ठाऊकच नसतो. या संघांतील निवृत्त शिक्षक, परिचारिका, कारकून यांना आठवड्याचे दोन तास मागितले तर ते नाही म्हणतील असे समजण्याचे कारण नाही. त्यांच्याकडे कोणी मागितलेले नाही.

शाखेने काम कोठून सुरू करावे? अंथरुणावर असलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या माणसांची वॉर्डवार यादी प्रथम हवी. त्या यादीत शुश्रूषा करणारीचे नाव, वय आणि तिने सोडलेले काम यांचा रकाना असावा. आशा कार्यकर्तीला यातील बहुतेक घरे तोंडपाठ असतात, मात्र तिच्यावर आणखी एक फुकटचे काम लादले जाऊ नये. गावातील कितीतरी घरांच्या माळ्यावर कमोडखुर्च्या, वॉकर, हवेच्या गाद्या पडून आहेत. माणूस गेला, वस्तू राहिल्या. त्या गोळा करून अल्प अनामत घेऊन फिरत्या ठेवणारी रुग्णसाहित्य केंद्रे अनेक गावांत चालतात. हे काम सोपे आहे, आणि त्यातून दारे उघडतात. ऊसतोडीच्या गावांत दसऱ्यापूर्वीच मागे राहणाऱ्यांचा शिधा, औषधे आणि सायंकाळची एक फेरी यांची तजवीज व्हावी. त्यानंतर ग्रामपंचायत विकास आराखड्यात घरोघर जाणाऱ्या परिचारिकेच्या वेतनाची तरतूद मागायची, आणि पंचायत 'अधिकार नाही' म्हणाली तर जिल्हा परिषदेच्या दारात जायचे.

महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच होते. हा विषय प्रथम त्या सभेत यायला हवा, कारण जाणकार तेथेच आहेत. अडचण अशी की जिने बोलायला हवे तीच येऊ शकणार नाही. खाटेवरच्या माणसाला सोडून ती दोन तास निघणार कशी? तेव्हा सभेची दवंडी पिटण्याआधी कोणता कार्यकर्ता कोणाच्या घरी जाऊन बसणार हे शाखेने ठरवून ठेवावे, आणि ही नावे पुरुषांची असावीत. आदल्या दिवशी एकदा जाऊन औषधाची वेळ, पाणी पाजण्याची रीत आणि भांडे कोठे ठेवले आहे ते तिच्याकडून समजून घ्यावे लागेल.